घरासाठी सेमी-ऑटो शॉटगन: बेरेटा १३०१, बेनेली एम४ की मॉसबर्ग ९४०?

एडिसनकर
नमस्कार मंडळी. राहणं न्यू जर्सीत, लाकडी सांगाड्याच्या टाउनहाऊसमध्ये. घराच्या रक्षणासाठी १२ गेजची, म्हणजे आपल्याकडची बारा बोअर, सेमी-ऑटो घ्यायची आहे. मी नागरिक आहे, बायकोचं ग्रीन कार्ड आहे. तिची उंची पाच फूट दोन इंच, आणि वेळ आली तर तिलाही ती चालवता यायला हवी. घरात नऊ वर्षांची मुलगी आहे, आई-बाबा दर उन्हाळ्यात व्हिजिटर व्हिसावर येतात. बेरेटा १३०१ टॅक्टिकल, बेनेली एम४ आणि मॉसबर्ग ९४० प्रो टॅक्टिकल यांत काय निवडावं?

कलम_वाचक
मॉडेलच्या आधी कायदा बघा, कारण यादीतली निम्मी नावं तिथेच गळतील. न्यू जर्सीत सेमी-ऑटो शॉटगनच्या मॅगझीनमध्ये सहापेक्षा जास्त काडतुसं मावत असतील, किंवा तिला पिस्तूल ग्रिप (दस्त्याखाली पिस्तुलासारखी वेगळी मूठ) असेल, किंवा दस्ता दुमडता येत असेल, तर ती ‘असॉल्ट फायरआर्म’ ठरते. या तिन्हींपैकी एक गोष्टही पुरे. म्हणजे ९४० प्रो टॅक्टिकलची सात काडतुसांची ट्यूब (नळीखालचं लांब मॅगझीन) बाद. १३०१ ची सात काडतुसांची आवृत्तीही बाद. एम४ पाच काडतुसांची मिळते, पण पिस्तूल ग्रिपचा दस्ता चालणार नाही, साधा दस्ता बसवलेलीच घ्या. पेनसिल्व्हेनियातल्या दुकानातून आणूनही उपयोग नाही. ती न्यू जर्सीत बाळगणं हाच गुन्हा आहे.

खरेदीआधी फायरआर्म्स पर्चेसर आयडेंटिफिकेशन कार्ड काढा. पिस्तुलाला दर वेळी वेगळा परवाना लागतो, शॉटगनला हे कार्ड पुरतं. दुकानात बंदूक खरेदीचा फेडरल फॉर्म ४४७३ भरावा लागेल.

आता आई-बाबांचं. व्हिजिटर, एच-१बी, एच-४ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्यांना बंदूक किंवा काडतुसं बाळगायला फेडरल कायद्याने बंदी आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण ‘घराच्या रक्षणासाठी’ असा अपवाद नाही. ‘बाळगणं’ म्हणजे हातात असणंच नव्हे, ताबा असणंही आलं. म्हणून तिजोरीची चावी किंवा आकडे आई-बाबांकडे देऊ नका, अगदी ‘सांभाळून ठेवा’ म्हणूनसुद्धा नाही.

नेमबाज१२
वरचं सगळं बरोबर. आता यंत्राचं बोलू.

सेमी-ऑटो दोन तऱ्हेच्या. गॅसवाली काडतुसातला थोडा वायू पिस्टनकडे वळवून बोल्ट, म्हणजे काडतुसामागे बसणारा सरकता भाग, मागे ढकलते. एम४, १३०१ आणि ९४० या तिन्ही तशाच. इनर्शियावाली, उदाहरणार्थ बेनेली एम२, धक्क्याच्या जोरावर चालते. ती स्वच्छ राहते, पण खांदा ढिला पडला की बोल्ट पुरता मागे जात नाही आणि रिकामं काडतूस अडकतं. टॉर्च आणि जादा काडतुसांचा पट्टा लावून वजन वाढवलं की हलक्या काडतुसांना हाच त्रास वाढतो. शिवाय बोल्ट हळू सोडला तर तो पूर्ण बंद होत नाही. चाप ओढल्यावर नुसती ‘खट’. दोन वेगळ्या बांध्याची माणसं एकच बंदूक वापरणार असतील, तर गॅसवालीच घ्या.

आता तुमच्या घरासाठी सगळ्यांत महत्त्वाचं: दस्त्याची लांबी, म्हणजे चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचं अंतर. एम४ ची सव्वाचौदा इंचांच्या आसपास आणि वजन पावणेआठ पौंडांच्या वर. वहिनींना कोपर ताणून, मागे झुकून उभं राहावं लागेल. मग नेम हलतो आणि दणका गालावर बसतो. १३०१ ची लांबी १३ इंच, वजन साडेसहा पौंडांच्या आत. ९४० प्रो चा दस्ता १२.५ ते १४.२५ इंच असा बदलता येतो, पण तुम्हाला सहा काडतुसांपर्यंतची ट्यूब असलेली आवृत्ती लागेल. माझं मत: सहा काडतुसांपर्यंतची १३०१. दुकानदाराकडून ट्यूबची क्षमता लेखी घ्या. जुनी घेत असाल तर एक खोट तपासा: पहिल्या १३०१ मध्ये बोल्ट सोडायचं बटण चुकून दाबलं गेलं की दुसरं काडतूस बोल्टखाली सरकून बंदूक जाम व्हायची. त्यावर संरक्षक कडं बसवतात. नव्या आवृत्तीत ते सुधारलं आहे.

एडिसनकर
धन्यवाद. बायकोसाठी २० गेज घेतली तर?

नेमबाज१२
घरात दोन गेज नकोतच. २० गेजचं काडतूस बारीक असतं, ते १२ च्या चेंबरमधून (काडतूस बसण्याच्या जागेतून) पुढे घसरून नळीत अडकतं. त्यामागे १२ चं भरून चाप ओढला की नळी फुटते. १२ गेजमध्येच लो-रिकॉइल, म्हणजे कमी धक्क्याचं, बकशॉट (मोठ्या छर्ऱ्यांचं काडतूस) वापरा.

कोठारपाल
काडतुसांबद्दल. पक्ष्यांचे बारीक छर्रे माणसाला थांबवण्याइतके खोल जात नाहीत. डबल-ऑट बकशॉट घ्या, एक छर्रा ८.४ मिलिमीटरचा. तो ड्रायवॉलच्या (जिप्समच्या पातळ पत्र्यांच्या) एकापाठोपाठ एक भिंती पार करतो. टाउनहाऊसमध्ये पलीकडे शेजारी आणि मधल्या खोलीत मुलगी असते, म्हणून छर्रे जितके एकत्र राहतील तितकं बरं. फेडरल कंपनीचं आठ छर्ऱ्यांचं, फ्लाइटकंट्रोल वॅडचं (छर्रे एकत्र धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या कपाचं) काडतूस त्यासाठी नावाजलेलं आहे. वेग सेकंदाला ११४५ फूट. साध्या काडतुसाचा घेर ढोबळमानाने दर यार्डाला एक इंच वाढतो. घरातलं सर्वांत लांब अंतर मोजा, रेंजवर तेवढ्याच अंतरावरून कागदावर मारा आणि घेर पट्टीने मोजा. एखादा छर्रा दर वेळी बाकीच्यांपासून दूर पडत असेल तर काडतूस बदला.

लो-रिकॉइल काडतुसं काही गॅसवाल्यांनाही नीट चालवता येत नाहीत. म्हणून आधी १०० साधी आणि मग निवडलेली किमान २५ बकशॉट, तुमच्या आणि वहिनींच्याही खांद्यावरून. एकदा जरी अडकलं तरी कारण सापडेपर्यंत त्या बंदुकीवर भिस्त ठेवू नका. पावणेदोन इंची मिनी काडतुसं सेमी-ऑटोत घालू नका, भरवशाने फिरत नाहीत.

ठेवायची कशी: चेंबर रिकामा, बोल्ट बंद, ट्यूब भरलेली, बंदूक भिंतीला बोल्ट केलेल्या झटपट उघडणाऱ्या कुलूपपेटीत. बहुतेक शॉटगनची सेफ्टी फक्त चाप अडवते, फायरिंग पिन (काडतुसावर आदळणारी सुई) नाही. चेंबरमध्ये काडतूस असताना पडली तर उडू शकते. बेनेलीत बोल्ट नुसता ओढून ट्यूबमधलं काडतूस वर येत नाही, आधी छोटा खटका दाबावा लागतो. ती हालचाल डमी काडतुसांवर, अंधारात, दोघांनीही बसवा. ट्यूबमध्ये दाबून राहिलेली प्लॅस्टिक काडतुसं चपटी होतात. दर तीन महिन्यांनी बदला आणि काढलेली रेंजवर संपवा.