लेओव्हरला (ड्यूटीतल्या बाहेरगावच्या मुक्कामात) सगळ्यांसोबत जेवायला न जाणारा पायलट शिष्ट असतो का?

मुकाट_३२०
मी एअरबस ए३२० विमानावर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे. स्वभाव अबोल. लोकांना वाटतं, कॉकपिटचं दार बंद, आत माणसं दोनच, गप्प माणसाला याहून बरी नोकरी कुठली! पण रोस्टर बदललं की शेजारचा माणूस बदलतो आणि ओळखपाळख पुन्हा पहिल्यापासून. कामाचं बोलणं मला जड जात नाही. ब्रीफिंग, चेकलिस्ट, कॉलआउट, सगळं ठरलेलं असतं, आणि १०,००० फुटांखाली इतर गप्पांना बंदीच. त्रास क्रूझला, म्हणजे विमान वर स्थिरावलं की, सुरू होतो: फ्लॅटचे भाव, शेअर बाजार, "मग लग्नाचं काय?" चार सेक्टर (उड्डाणं) करून हॉटेलवर पोचलं की कुणाचं तोंड पाहू नये असं वाटतं. तेवढ्यात कॅप्टन म्हणतात, "आठला लॉबीत, सगळे जेवायला." नाही म्हटलं की आपण शिष्ट. ड्यूटी संपल्यावरची विश्रांती माझी आहे, त्यावरून माझी पारख का करायची?

डावी_सीट (निवृत्त)
साफ असहमत. मंगळूर, २२ मे २०१०. अॅप्रोच (धावपट्टीकडे उतरत येणं) बिघडलेला, फर्स्ट ऑफिसर गो-अराउंड करा, म्हणजे न उतरता पुन्हा वर चला, म्हणत होता, कॅप्टनने ऐकलं नाही. १५८ माणसं गेली. ज्याच्यासोबत काल रात्री डाळभात खाल्लाय, त्याला "सर, चुकतंय" म्हणायला जीभ अडखळत नाही. ते जेवण म्हणजे टाइमपास नव्हे.

वाऱ्याची_दिशा
अहो सर, तुमचंच उदाहरण तुमच्यावर उलटतंय. तो बिचारा बोलला होता, एकदा नव्हे, अनेकदा! कमी पडलं ते ऐकणं. स्पेनच्या टेनेरिफ बेटावरचा १९७७ चा विमान अपघात घ्या. केएलएम या डच कंपनीच्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरने धावपट्टीवरचं दुसरं विमान बाजूला झालंय का, असं विचारलं होतं. कॅप्टन ठामपणे हो म्हणाला आणि विमान पुढे गेलं. ५८३ मृत्यू. तो कॅप्टन काही लाजराबुजरा नव्हता, कंपनीच्या जाहिरातीत झळकणारा नामांकित प्रशिक्षक होता. असल्या अपघातांनंतर सीआरएम (क्रू रिसोर्स मॅनेजमेंट) हे क्रूचं प्रशिक्षण आलं. त्यात नेमक्या वेळी नेमकं बोलायला आणि दुसऱ्याचं ऐकायला शिकवतात. गप्पिष्ट व्हा असं कुठे म्हटलंय?

गॅली_नंबर_४
मी केबिन क्रूमधली. तुम्ही सगळे दोन खुर्च्यांतच अडकलात, दाराच्या मागेही माणसं असतात. ब्रिटनमधलं केगवर्थ, जानेवारी १९८९. आग डाव्या इंजिनात, पायलटांनी बंद केलं उजवं. कॅप्टनने घोषणेत उजव्या इंजिनाचं नाव घेतलं. मागे बसलेल्या प्रवाशांनी आणि क्रूपैकी काहींनी डावीकडच्या ज्वाळा पाहिल्या होत्या, पण पुढे कुणी कळवलं नाही. पायलटांना माहीत असणारच, असं धरून चालले. ४७ जण गेले. आता सांगा, ज्या पायलटने सकाळपासून आमच्याकडे मान वर करून पाहिलं नाही, त्याला इंटरकॉम करून "सर, कसलासा वास येतोय" म्हणताना नवी मुलगी कचरणार की नाही? जेवायला या नका येऊ, आमचं काही अडत नाही. (खरं सांगायचं तर कॅप्टनसोबत जेवताना आमचीही पंचाईत होते, बिलापासून सगळंच.) पण ब्रीफिंगला नावं विचारा.

मुकाट_३२०
ताई, नावं विचारतो, लक्षातही ठेवतो. नाश्त्याला खाली येतो, कॉफी होईपर्यंत सगळ्यांत बसतो. रात्रीचं जेवण खोलीवर मागवतो. मला एवढंच झेपतं आणि कामाला ते पुरतं.

डावी_सीट (निवृत्त)
उजव्या सीटवर, सहवैमानिक म्हणून, पुरेल हो. उद्या कमांड मिळेल, कॅप्टन व्हाल, शेजारी नवशिका पोरगा असेल. तुमचा अबोला त्याला राग वाटेल, आणि रागावलेल्या कॅप्टनला कोण टोकतो?

गॅली_नंबर_४
यावर तोड आहे. आमचे एक कॅप्टन ब्रीफिंगलाच सांगतात, "मी कमी बोलतो, रागावलोय असं समजू नका. काहीही वेगळं दिसलं की लगेच फोन करा, चुकीचं निघालं तरी चालेल." संध्याकाळी ते एकटेच फिरायला जातात. त्यांना शिष्ट म्हणालेलं मी तरी ऐकलं नाही.

डावी_सीट (निवृत्त)
असं सांगत असतील तर माझी हरकत नाही. पण माझ्या वेळचे अबोल कॅप्टन एवढं एक वाक्यही बोलत नसत, ते कोण वदवून घेणार?