पीट अलॉन्सोला मेट्सनी पुन्हा करारबद्ध करावे का?

पहाटपक्षी, दादर (१४ नोव्हेंबर २०२५)

न्यूयॉर्क मेट्स या बेसबॉल संघाचा फर्स्ट बेसमन (पहिल्या बेसवरचा क्षेत्ररक्षक) पीट अलॉन्सो याने करारातील दुसऱ्या वर्षाचे २ कोटी ४० लाख डॉलर सोडून देऊन पुन्हा मोकळा (फ्री एजंट) होणे पसंत केले आहे. गेल्या हिवाळ्यातही तो बाजारात उतरला होता. तेव्हा त्याच्या मनासारखा दीर्घ करार कोणीच पुढे केला नाही आणि अखेर फेब्रुवारीत तो दोन वर्षांच्या ५ कोटी ४० लाख डॉलरवर मेट्सकडेच परतला. या वेळी त्याची बाजू बरीच भक्कम आहे. सरलेल्या हंगामात तो सर्वच्या सर्व १६२ सामने खेळला, त्याने ३८ होमरन (कुंपणापलीकडचे फटके) मारले, १२६ धावा घरी आणल्या, आणि ऑगस्टमध्ये डॅरिल स्ट्रॉबेरीचा २५२ होमरनचा संघविक्रम मोडून तो २६४ पर्यंत पोहोचला. ७ डिसेंबरला तो ३१ वर्षांचा होईल.

ज्यांना आयपीएलची पद्धत माहीत आहे पण बेसबॉलची नाही, त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की तिथे लिलाव नसतो. वरच्या पातळीवर सहा वर्षांची सेवा पूर्ण झालेला खेळाडू करार संपला की मोकळा होतो, कोणत्याही संघाशी बोलणी करतो आणि कुठे जायचे ते स्वतः ठरवतो. शिवाय करारातील रक्कम हमखास मिळते. खेळाडू जायबंदी झाला, सूर हरपला, किंवा संघाने त्याला काढून टाकले, तरी पैसे द्यावेच लागतात.

आता प्रश्न असा की अलॉन्सोने सहा-सात वर्षे मागितली, तर मेट्सनी ती द्यावीत का? मेट्सचे घरचे संध्याकाळचे सामने आपल्याकडे पहाटे पावणेपाचच्या सुमारास सुरू होतात, आणि त्या वेळी उठायची सवय मला ज्या खेळाडूमुळे लागली तो हाच आहे. त्यामुळे माझे मत निःपक्षपाती धरू नये. म्हणूनच इतरांचे ऐकायचे आहे.

आकडेमोड, ठाणे

माझे उत्तर स्पष्ट आहे. चारपेक्षा जास्त वर्षे मागितली, तर सत्कार करून निरोप द्यावा.

या चर्चेत सगळे वार्षिक रकमेवर अडून बसतात, पण धोका रकमेत नसून वर्षांच्या संख्येत असतो. बाल्टिमोरच्या ख्रिस डेव्हिसचे प्रकरण पाहा, कारण ते अलॉन्सोशी जितके जुळते तितके दुसरे कोणतेच जुळत नाही. तोही फर्स्ट बेसमन, तोही ताकदीच्या जोरावर खेळणारा, तोही संघाचा लाडका. २०१५ मध्ये त्याने ४७ होमरन मारले, आणि जानेवारी २०१६ मध्ये, तीस वर्षे पूर्ण व्हायला दोन महिने असताना, बाल्टिमोरने त्याला सात वर्षांसाठी १६ कोटी १० लाख डॉलर देऊन राखले. २०१८ मध्ये त्याची सरासरी .१६८ इतकी, म्हणजे शंभर प्रयत्नांत सतराच्या आसपास हिट, खाली गेली. नियमित खेळणाऱ्या फलंदाजाची इतकी कमी सरासरी त्याआधी कधीही नोंदली गेली नव्हती. त्या हंगामाच्या शेवटापासून पुढच्या हंगामाच्या सुरुवातीपर्यंत सलग ५४ प्रयत्नांत त्याला एकही हिट मिळाली नाही. २०२१ मध्ये तो निवृत्त झाला, परंतु करारातील काही रक्कम पुढे ढकललेली असल्यामुळे त्याचे पैसे २०३७ पर्यंत चालूच राहणार आहेत.

डेव्हिस मुळातच इतका थोर नव्हता असे कोणी म्हणेल, म्हणून आल्बर्ट पुजोल्सचेही नाव घेतो. सेंट लुईससाठी ११ हंगामांत ४४५ होमरन, तीन वेळा एमव्हीपी (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू), आणि २०११ मध्ये विजेतेपद मिळवून देताना वर्ल्ड सिरीजच्या (अंतिम मालिकेच्या) एकाच सामन्यात तीन होमरन. असा खेळाडू त्याच डिसेंबरमध्ये दहा वर्षांच्या २४ कोटी डॉलरवर एंजल्सकडे निघून गेला, तेव्हा सेंट लुईसमध्ये सुतक पाळल्यासारखे वातावरण होते. पुढे काय झाले? एंजल्सकडे तो पूर्वीचा पुजोल्स कधीच दिसला नाही, आणि मे २०२१ मध्ये, त्या वर्षीचे ३ कोटी डॉलर देणे असतानाही, त्यांनी त्याला संघाबाहेर काढले. इकडे सेंट लुईसला त्याच्या जाण्याची भरपाई म्हणून २०१२ च्या ड्राफ्टमध्ये (नवोदित खेळाडूंच्या निवडप्रक्रियेत) जी निवड मिळाली, तिच्यातून मायकल वाका हा पिचर (चेंडू टाकणारा) आला, आणि त्याच वाकाच्या कामगिरीच्या बळावर २०१३ मध्ये संघ पुन्हा वर्ल्ड सिरीजमध्ये पोहोचला.

तिशी ओलांडलेल्या, संथ धावणाऱ्या, उजव्या हाताने खेळणाऱ्या फर्स्ट बेसमनचा उतार सावकाश येत नाही. बॅटचा वेग थोडा जरी कमी झाला, तरी जे चेंडू कुंपणापलीकडे जात होते ते कुंपणाजवळ झेलले जाऊ लागतात, आणि अशा खेळाडूकडे भरपाई करायला दुसरे काही नसते. ना पायांत वेग, ना बचावात चमक.

वैदेही_पार्ले

आकडेमोड, आपली उदाहरणे खरी आहेत, पण ती आपल्या सोयीची आहेत. डेव्हिस आणि पुजोल्स आठवले, मग फ्रेडी फ्रीमन कसा विसरलात?

अटलांटाने २०२१ चे विजेतेपद मिळवल्यानंतर फ्रीमनला अगदी याच युक्तिवादावर जाऊ दिले. वय ३२, फर्स्ट बेस, सहा वर्षे नकोत. डॉजर्सनी त्याला सहा वर्षांसाठी १६ कोटी २० लाख डॉलर दिले. २०२४ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये दुखऱ्या घोट्यानिशी त्याने पहिल्याच सामन्याच्या शेवटी ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असतानाचा होमरन) मारून सामना संपवला आणि मालिकावीर ठरला. आणि आत्ता, पंधरा-सतरा दिवसांपूर्वी, यंदाच्या वर्ल्ड सिरीजच्या तिसऱ्या सामन्यात अठराव्या डावात होमरन मारून सामना संपवणाराही तोच होता. वय ३६. ॲरन जजने तिशीत नऊ वर्षांचा ३६ कोटी डॉलरचा करार केला, तेव्हाही अशीच भाकिते झाली होती. त्याला सलग दुसऱ्या वर्षी एमव्हीपी मिळाल्याची बातमी आजच सकाळी आली.

अटलांटाचे नुकसान झाले नाही हे मला मान्य आहे, कारण त्यांनी फ्रीमनशी बोलणी संपण्याआधीच मॅट ओल्सनला ट्रेड करून आणले होते, आणि त्याने २०२३ मध्ये ५४ होमरन मारले. मेट्सकडे असा ओल्सन कुठे आहे? मार्क व्हिएंटोसने २०२४ मध्ये २७ होमरन मारले, पण यंदा त्याचा आकडा १७ वर आला. फलंदाजीच्या क्रमात हुआन सोटोच्या मागे कोणी दमदार माणूस उभा नसेल, तर समोरचे पिचर सोटोला मारण्याजोगा चेंडू टाकतीलच कशाला? चार चेंडू बाहेर टाकून त्याला खुशाल चालत फर्स्ट बेसवर पाठवतील आणि पुढच्याला बाद करतील.

आणखी एक गोष्ट, जी कोणत्याही तक्त्यात बसत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मिलवॉकीविरुद्धचा निर्णायक सामना, नववा डाव, मेट्स ०-२ ने मागे, आणि समोर पिचर डेव्हिन विल्यम्स, ज्याचा चेंज-अप (फसवा संथ चेंडू) हा त्या काळी सर्वांत खेळायला कठीण चेंडू मानला जाई. अलॉन्सोने तोच चेंज-अप, तोही उजव्या बाजूला, अगदी कुंपणाला चाटून पलीकडे घातला. आपल्याकडे सकाळ होती आणि मी अंधेरीच्या जिन्यात गर्दीला अडवून फोन पाहत उभी होते. प्रेक्षक खुर्ची विकत घेतो ती अशा चेंडूंसाठी, बॅटच्या वेगाचे आलेख पाहण्यासाठी नव्हे.

गिरगावातला_मी

बेसबॉलमधले मला फारसे कळत नाही, पण करारातले कळते. मुंबई इंडियन्सने ऑक्टोबर २०२४ मध्ये बुमराला १८ कोटी, हार्दिक आणि सूर्यकुमारला प्रत्येकी १६.३५ कोटी, रोहितला १६.३० कोटी आणि तिलक वर्माला ८ कोटी देऊन राखले. म्हणजे १२० कोटींतले ७५ कोटी तिथेच संपले, आणि उरलेल्या ४५ कोटींत बाकीचा संघ उभा करावा लागला. रोहित तेव्हा ३७ वर्षांचा होता, तरी कोणी फार घाबरले नाही, कारण तो जड झालाच तर पुढच्या हंगामाआधी त्याला मोकळे करण्याची वाट खुली असते. आयपीएलचा खेळाडू लिव्ह अँड लायसन्सवर राहतो. तुमच्या या बेसबॉलमध्ये मात्र तो पागडीवर आत येतो, आणि गिरगावात वाढलेल्या माणसाला पागडीचा भाडेकरू बाहेर काढणे म्हणजे काय ते सांगायला नको. सात वर्षे कोणालाही देऊ नयेत.

सनदी_लेखापाल, मुलुंड

वर सगळ्यांनी ‘मालक स्टीव्ह कोहेन गडगंज आहे, त्याला काय फरक पडतो’ हे न बोलता गृहीत धरले आहे. फरक पडतो, आणि तो कराच्या हिशेबात आहे.

मेजर लीगमध्ये आयपीएलसारखी पगाराची कमाल मर्यादा नाही, पण ठरावीक रेषेपुढे खर्च केला तर लक्झरी टॅक्स भरावा लागतो. २०२६ साठी पहिली रेषा २४ कोटी ४० लाख डॉलरची आहे आणि सर्वांत वरची ३० कोटी ४० लाखांची. जो संघ सलग तीन किंवा अधिक वर्षे रेषा ओलांडत आला आहे, त्याला वरच्या रेषेपुढील प्रत्येक डॉलरवर ११० टक्के कर पडतो, आणि मेट्स त्याच गटात आहेत. याचा अर्थ, ते त्या रेषेपलीकडे असताना अलॉन्सोला वर्षाला ३ कोटी डॉलर दिले, तर त्यांना तो प्रत्यक्षात ६ कोटी ३० लाखांना पडेल. ‘अलॉन्सो ३ कोटींच्या योग्यतेचा आहे का’ हा प्रश्नच चुकीच्या रकमेवर विचारला जातो आहे.

कर मोजताना त्या वर्षी हाती पडलेला पगार धरत नाहीत, संपूर्ण कराराची वार्षिक सरासरी धरतात. म्हणून अनेक संघ मुद्दाम वर्षे वाढवतात, जेणेकरून सरासरी खाली येईल. आकडेमोड वर्षे कमी करा म्हणतात, पण रेषेच्या आसपास असलेल्या संघाला नेमकी उलटी गरज असते. मेट्स मात्र रेषेच्या आसपास नाहीत, तिच्या बरेच पुढे आहेत. दरवर्षी ते वरच राहणार असतील, तर सरासरी ताणून काहीच वाचत नाही. कर तेवढाच भरावा लागतो, फक्त हप्ते वाढतात. त्यामुळे आकडेमोड यांचा निष्कर्ष मला पटतो, कारण मात्र वेगळे आहे.

वाकाच्या उदाहरणात एक दुरुस्ती सुचवतो. संघाने क्वालिफाइंग ऑफर (ठरलेल्या रकमेचा एका वर्षाचा करार) दिली आणि खेळाडूने ती नाकारली, तरच जुन्या संघाला ड्राफ्टची निवड मिळते, आणि अशी ऑफर एका खेळाडूला कारकिर्दीत एकदाच देता येते. अलॉन्सोला ती गेल्या वर्षी देऊन झाली. आता तो गेला, तर मेट्सच्या पदरात काहीही पडणार नाही. ही बाब वैदेहीताईंच्या बाजूची आहे, आणि ती त्यांनी मांडायला हवी होती.

वैदेही_पार्ले

आभारी आहे. मांडली असे समजावे!

पहाटपक्षी, दादर

सर्वांचे प्रतिसाद वाचून माझे मत हळूहळू एका बाजूला झुकते आहे, आणि ते करामुळे नव्हे. बचावाचा विषय वर कोणी काढला नाही, म्हणून मीच काढतो.

१२ जूनला मेट्सची कामगिरी ४५-२४ होती, साऱ्या मेजर लीगमध्ये सर्वोत्तम. त्याच दिवशी वॉशिंग्टनविरुद्ध चेंडू अलॉन्सोकडे आला आणि नेहमीप्रमाणे पिचर कोडाई सेंगा फर्स्ट बेस सांभाळायला धावला. दहा-पंधरा पावलांवरून छातीच्या उंचीला सहज टाकायचा तो चेंडू अलॉन्सोने उंच टाकला; सेंगाने उडी मारून तो घेतला, पाय लांबवून बेसला टेकवला, फलंदाज बाद केला आणि तिथेच मांडी धरून खाली बसला. तोवर त्याचा ईआरए (नऊ डावांमागे दिलेल्या धावांची सरासरी) १.४७ होता. जुलैमध्ये तो परतला खरा, पण लय सापडेना, आणि सप्टेंबरमध्ये त्याला खालच्या लीगमध्ये पाठवावे लागले. त्या दिवसानंतर मेट्स ३८-५५ गेले, आणि हंगामाच्या अखेरच्या दिवशी मायामीकडून हरून प्लेऑफबाहेर पडले. सिनसिनाटीचेही ८३ विजय होते, पण बरोबरी सोडवण्याच्या नियमाने जागा त्यांना मिळाली.

एका फेकीवर साऱ्या हंगामाचे खापर फोडणे अन्यायाचे होईल. पिचिंगची पडझड इतर अनेक कारणांनीही झाली. पण अलॉन्सोची फेक ही जुनीच दुखरी जागा आहे. खाली येणारे चेंडू तो छान उचलतो, स्वतः फेकायचे झाले की मात्र माझा श्वास अडकतो. मेट्सचे बेसबॉल प्रमुख डेव्हिड स्टर्न्स यांनी हंगाम संपल्यावर धावा रोखण्यावर जो भर दिला, त्याचा रोख कोणाकडे होता हे समजायला फार विचार करावा लागत नाही.

यावर उपाय म्हणजे त्याला डेझिग्नेटेड हिटर करणे, म्हणजे फक्त फलंदाजी. पण ती जागा एकच असते, आणि सोटोशी १५ वर्षांचा ७६ कोटी ५० लाख डॉलरचा करार झालेला आहे. सोटोचा बचाव आजच बेतास बात आहे, म्हणजे चार-पाच वर्षांत त्यालाही तीच जागा लागणार. अलॉन्सोला सात वर्षे दिली, तर २०३० च्या सुमारास एकाच खुर्चीसाठी दोन माणसे असतील, आणि त्यातल्या एकाला उठवणे शक्य नसेल.

म्हणून मी म्हणेन की तीन वर्षे द्यावीत, वर्षाला ३ कोटी ५० लाखांपर्यंत जावे, चौथे वर्ष संघाच्या मर्जीवर ठेवावे. वार्षिक आकडा मोठा दिसेल, त्याचा मानही राखला जाईल, आणि २०२९ मध्ये संघाचे हात मोकळे राहतील. पाचवे वर्ष दुसऱ्या कोणी दिले, तर त्याला जाऊ द्यावे, आणि तो पैसा पिचरवर लावावा. नोलन मॅक्लीनसारखी पोरे वर आली आहेत, पण पोरांच्या भरवशावर १६२ सामने निघत नाहीत.

आकडेमोड, ठाणे

सेंगाच्या त्या फेकीचा मुद्दा माझ्या बाजूचा होता आणि मीच तो सोडला होता. बाकी तीन वर्षांचा प्रस्ताव कागदावर उत्तम आहे, पण अलॉन्सोचा एजंट स्कॉट बोरस आहे. गेल्या वर्षी गिऱ्हाईक नव्हते म्हणून त्याने दोन वर्षे पत्करली. या वर्षी गिऱ्हाईक असेल, तर तीन वर्षांचा आकडा ऐकून तो फोन ठेवणारसुद्धा नाही, होल्डवर टाकून बाल्टिमोर, बॉस्टन आणि फिलाडेल्फियाला लावेल.

वैदेही_पार्ले

बाल्टिमोर? डेव्हिसचे हप्ते अजून फिटायचे आहेत हो त्यांचे.