मदत हवी आहे: बाबांना पार्किन्सन्स, फिजिओ नसतात त्या दिवशी घरी व्यायाम कसे करून घेता?

नमस्कार मंडळी,

बाबा ७१ वर्षांचे आहेत, पार्किन्सन्सचं निदान होऊन सहा वर्षं झाली. हात फारसे थरथरत नाहीत, खरा त्रास चालण्याचा आहे. हॉलमधून व्यवस्थित चालत येतात आणि बाथरूमच्या दारात आले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, टाचा उचललेल्या, पावलं जागच्या जागी थरथरतायत आणि वरचं अंग मात्र पुढे निघालेलं. परवा चौकट हाताला लागली म्हणून वाचले. आई मागून "चला ना, चला ना" करत होती, त्यानेच ते जास्त अडकतात हे आम्हाला आता कुठे कळायला लागलंय.

फिजिओथेरपिस्ट मॅडम आठवड्यातून दोनदा घरी येतात. त्यांनी दारापाशी जमिनीवर आडव्या रंगीत पट्ट्या चिकटवायला लावल्या. डोपामिन (मेंदूतलं हालचालींसाठी लागणारं रसायन) कमी पडलं की आपोआप होणारी चाल बिघडते, पण समोर रेघ दिसली किंवा कानावर ठेका पडला की मेंदू दुसऱ्या वाटेने पाऊल टाकायला लावतो, असं त्या म्हणाल्या. आणि खरंच, पहिल्या दिवशी बाबा एकेक पट्टी ओलांडत सरळ आत गेले, आई नुसती बघत उभी राहिली. पण पट्ट्या संपल्या आणि वळायची वेळ आली की परत तेच. मोठा गोल घेऊन वळायचं त्यांना माहितीये पण घाईची लागली असेल तर जागेवरच वळायला जातात आणि पाय एकमेकांत अडकतात. हे वळणं कोणी कसं बसवलंय?

दुसरं म्हणजे वेळ. लिव्होडोपाची (पार्किन्सन्सच्या औषधाची) गोळी लागू झाली की तास-दोन तास छान जातात, व्यायाम तेव्हाच करा असं सांगितलंय, पण नेमकं तेव्हाच त्यांना दाढी, आंघोळ सगळं स्वतःच्या हाताने उरकायचं असतं आणि त्यात मोडता घालायला मला जिवावर येतं. मॅडम असल्या की पाऊण तास न कुरकुरता करतात, मी म्हटलं की "नंतर बघू". मोबाईलवर मेट्रोनोम (टकटक ठेका देणारं अ‍ॅप) लावून बघितला तर तो त्यांच्या डोक्यात जातो.

एलएसव्हीटी बिग (पार्किन्सन्ससाठीचा मोठ्या हालचालींचा व्यायाम कार्यक्रम) कोणी केलंय का? आठवड्यातले चार दिवस, रोज एक तास, असे चार आठवडे, शिवाय घरचा सराव वेगळा. ते संपल्यावर मोठ्या हालचालींची सवय पुढे टिकली का, की सुटली?

औषधांबद्दल नका सुचवू प्लीज, ते डॉक्टर बघतायत. घरात करून घेण्याच्या युक्त्या हव्यात.

आणि हो, रात्री दोन-तीनदा उठतात तेव्हा अंधारात पट्ट्या दिसतच नाहीत, लाईट लावेपर्यंत ते निम्म्या वाटेत पोचलेले असतात. रात्रीचं तुम्ही काय करता?