अनुभव धागा : अडचणीतल्या मित्राला दिलेले हातउसने पैसे

नौपाडा, ठाणे

ऑगस्ट २०२० मध्ये माझ्या शाळेपासूनच्या मित्राने माझ्याकडे दीड लाख रुपये मागितले. वागळे इस्टेटमध्ये लेथवर सुटे भाग करून देण्याचा त्याचा छोटा कारखाना आहे. टाळेबंदीत काम थांबले होते, कर्जाच्या हप्त्यांना मिळालेली स्थगिती त्याच महिन्यात संपत होती आणि गावी न जाता थांबलेल्या चार कामगारांचा पगार थकला होता. मी मुदत ठेव मोडली आणि रक्कम त्याच्या खात्यात भरली. परत कधी देणार हे त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही, कारण तसे विचारणे मला कोतेपणाचे वाटले.

पुढे त्याने सकाळी तलावपाळीला फिरायला येणे बंद केले. दिवाळीच्या खरेदीच्या गर्दीत जांभळी नाक्यावर त्याने मला पाहिले आणि तो बाजूच्या गल्लीत शिरला, तेव्हा मला उमगले की त्याला पैसे बुडवायचे नाहीत, त्याला माझ्यासमोर उभे राहण्याची लाज वाटते आहे. मुदत न ठरवून मी त्याला प्रत्येक दिवशी माझा देणेकरी करून ठेवले होते. जानेवारी २०२२ मध्ये मी त्याच्या घरी गेलो आणि महिन्याला तीन हजार जमतील का, एवढेच विचारले. तो म्हणाला, ‘तीन जमतील. पाच म्हणाला असतास तर मी हो म्हणून खोटा पडलो असतो.’ पन्नास हप्ते ठरले. मध्ये दोनदा खंड पडला आणि दोन्ही वेळा त्याने आधी कळवले. आता तो पुन्हा तलावपाळीला येतो.

पैसे दिलेल्यांनी, घेतलेल्यांनी आणि नाही म्हटलेल्यांनीही आपले अनुभव मोकळेपणाने लिहावेत. मित्राची ओळख मात्र कोणाला पटू नये, ही विनंती.

कोपरखैरणे

माझे वडील वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात माथाडी कामगार होते आणि त्यांच्या टोळीतले बहुतेक जण सातारा जिल्ह्यातले होते. कोणावर प्रसंग आला तर एकट्याने हातउसने देऊ नये, असा त्यांचा शिरस्ता होता. बारा जणांची पाच हजारांची भिशी असे आणि ज्याची नड मोठी त्याला चिठ्ठी न काढता पहिले साठ हजार उचलू देत. घेणाऱ्याला कोणा एकाचे उपकार वाटत नसत, कारण वर्षभरात प्रत्येक जण कधी ना कधी उचल घेणारच असे. एकदा उचल घेतलेल्या एका काकांनी आजारपणामुळे शेवटचे चार हप्ते भरले नाहीत. वीस हजारांचा तो खड्डा अकरा जणांनी वाटून घेतला आणि प्रत्येकाच्या वाट्याला दोन हजारांहूनही कमी आले. ते एकाच्या अंगावर पडते तर टोळीत तेढ राहिली असती, असे वडील म्हणत. नोकरदार मित्रांच्या गटात मी हीच पद्धत चालवून पाहिली आणि ती चालते. मात्र सगळे एकमेकांना रोज भेटणारे असावेत.

ऐरोली

मी मैत्रिणीला एक रुपयाही दिला नव्हता, तरी माझा अनुभव इथे सांगण्यासारखा आहे. तिने एका पतसंस्थेतून कर्ज घेतले आणि मी जामीनदार म्हणून सही केली. मूळ कर्जदाराकडून वसुली न झाल्यास शेवटचा उपाय म्हणून आपल्याकडे येतील, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात १८७२ च्या करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते आणि संस्थेला आधी कर्जदाराच्या मागे लागण्याचे बंधन नसते. तिचे हप्ते थकताच नोटीस माझ्या नावावर आली. मी ८६ हजार रुपये भरले. मला पैशांपेक्षा याचे दुःख झाले की हप्ते थकू लागले आहेत हे तिने मला चार महिने सांगितले नाही. तिने पहिल्याच महिन्यात फोन केला असता तर मी तिच्यासोबत संस्थेत जाऊन हप्ता कमी करून मागितला असता.

चरई, ठाणे

थोडक्यात लिहितो. २०१५ मध्ये मी एका सहकाऱ्याला दोन लाख रुपये धनादेशाने दिले, कागद केला नाही. २०१९ मध्ये वकिलांकडे गेलो तेव्हा कळले की अशा पैशांच्या दाव्याची मुदत रक्कम दिल्यापासून तीन वर्षांची असते आणि ती संपण्याआधी त्याने आपले देणे लेखी सही करून मान्य केले असते तर ती नव्याने सुरू झाली असती. वर्षातून एकदा चार ओळी लिहून घेणे मला मैत्रीत बसत नव्हते. वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने उसनी देऊ नये, हेही सांगतो, कारण आयकर कायद्यात त्यासाठीचा दंड कर्जाच्या रकमेइतका असू शकतो आणि तो पैसे घेणाऱ्याला, म्हणजे आधीच अडचणीत असलेल्या माणसाला, बसतो.

कळवा

मी मागणारी होते. यजमानांच्या शस्त्रक्रियेसाठी मी जिवलग मैत्रिणीकडे एक लाख मागितले आणि ती म्हणाली, ‘माझ्याकडे आहेत, पण ते मुलाच्या फीचे आहेत, मी देणार नाही.’ इतके स्पष्ट नाही मी कोणाकडून ऐकले नव्हते आणि त्या रात्री मला तिचा फार राग आला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती शिधापत्रिका आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन यायला सांगत दारात उभी होती. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात, हे मला तिच्याकडून समजले. तहसील कार्यालयाच्या रांगेत ती माझ्यासोबत दोन दिवस उभी राहिली. आमचे निम्मे बिल माफ झाले. आधी इतर तिघांनी ‘बघतो, कळवतो’ म्हटले होते आणि त्यांच्या फोनची वाट पाहण्यात आमचे नऊ दिवस गेले होते.

घणसोली

वरचे सगळे वाचून लिहितो आहे. माझ्या मित्राकडे माझे साठ हजार दोन वर्षांपासून अडकले आहेत. आम्ही सकाळी ठाण्याला जाणारी एकच लोकल धरतो आणि हल्ली तो पुढच्या डब्यात चढतो. गेल्या महिन्यात त्याने नवी दुचाकी घेतल्याचे पाहिले आणि तेव्हापासून माझे मन कडू झाले आहे. ती त्याने हौसेने घेतली की फावल्या वेळात घरपोच माल पोचवण्याच्या कामासाठी, हे मी त्याला विचारलेलेच नाही. रविवारी त्याच्या घरी जाणार आहे. महिन्याला दोन हजार जमतील का, एवढेच विचारेन.