मदत हवी आहे : जन आरोग्य योजनेत हाताची शस्त्रक्रिया करणारे तज्ज्ञ (पुणे)

काच बसवण्याचे काम करताना माझ्या धाकट्या भावाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचे टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरीसारखी शीर) कापले गेले असून ती बोटे वाकत नाहीत. जखम शिवली आहे. मात्र टेंडन शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांतच जोडावे लागते आणि आज सहावा दिवस आहे. त्याच्याकडे केशरी शिधापत्रिका आणि आयुष्मान कार्ड आहे. स्वतःचा व्यवसाय असल्याने ईएसआय (कामगार विमा) नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या १५५३८८ या हेल्पलाइनवर विचारून दोन रुग्णालयांत गेलो, पण तेथील हाताचे तज्ज्ञ योजनेतील रुग्ण घेत नाहीत. उद्या ससूनला जात आहोत. महात्मा फुले योजनेतून टेंडनची शस्त्रक्रिया प्रत्यक्ष करणारे हाताचे किंवा प्लास्टिक सर्जन पुणे-पिंपरीत कोठे आहेत, आणि पूर्वमंजुरीला किती दिवस लागले?