आयपी पत्ता सतत बदलणाऱ्या उपद्रवी माणसाला संकेतस्थळावर कसे अडवावे?

बोलीसंग्रह यांचा प्रश्न

नमस्कार. आम्ही तिघे मिळून मालवणी बोलीतल्या शब्दांचा एक छोटा संग्रह चालवतो. वाचक शब्द, त्याचा अर्थ आणि बोलण्यातले एखादे वाक्य पाठवतात. खाते उघडण्याची अट आम्ही मुद्दाम ठेवलेली नाही, कारण शब्द सांगणारी बहुतेक माणसे सत्तरीच्या पुढची आहेत आणि ती नातवाच्या किंवा सुनेच्या फोनवरून लिहून घेऊन पाठवतात.

गेले तीन आठवडे कोणी एक जण रात्री अकरानंतर येतो आणि अर्थाच्या रकान्यात अश्लील मजकूर भरून जातो. ‘व्हाळ’ या शब्दाखाली एका आजींचे वाक्य होते, व्हाळ भरून आला की शाळेला आपोआप सुट्टी मिळायची, अशा अर्थाचे. ते पुसून तिथे शिवी लिहिलेली एका सकाळी आढळली. मी त्याचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर त्याच्या जोडणीला मिळालेला अंकी पत्ता, बंद केला, तर वीस मिनिटांत तो दुसऱ्या पत्त्यावरून हजर झाला. असे नऊ पत्ते बंद केल्यावर सगळ्यांच्या चार आकड्यांपैकी पहिले दोन सारखेच आहेत हे लक्षात आले, म्हणून मी तो पट्टाच्या पट्टा बंद केला. दोन दिवसांनी कुडाळ तालुक्यातल्या एका शिक्षिकांचा फोन आला की, नववीच्या मुलांनी सुट्टीत गोळा केलेले शब्द काही केल्या जात नाहीत, ‘आपल्याला प्रवेश नाही’ असा संदेश येतो. आपल्याच हातून काही चूक झाली, असे त्या मुलांना वाटत होते. ते ऐकून मला फार वाईट वाटले आणि मी ताबडतोब बंदी उठवली. त्याच रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी तो माणूस परत आला.

अशा वेळी मोठी संकेतस्थळे काय करतात? मोबाइल क्रमांक आणि ओटीपी सक्तीचा करण्याची आमची तयारी नाही, हे आधीच सांगतो.

रात्रपाळी यांचे उत्तर

मी एका इंटरनेट पुरवठादाराकडे नेटवर्क विभागात काम करतो, त्यामुळे पत्ता का बदलतो ते आधी सांगतो. ते समजले की तुमची बंदी मुलांवर का कोसळली हेही समजेल.

जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही ४ चे पत्ते जगात मिळून सुमारे ४२९ कोटी आहेत आणि त्यांच्या जागतिक साठ्यातले शेवटचे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले. त्यानंतर आलेल्या कोट्यवधी फोनना स्वतंत्र पत्ता देणे शक्यच नव्हते. म्हणून मोबाइल कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांमध्ये वाटून वापरतात. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा अंतर्गत पट्टा २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवण्यात आला. ग्राहकाने मोबाइल डेटा बंद करून पुन्हा चालू केला की त्याच्या वाट्याला दुसरा सार्वजनिक पत्ता येऊ शकतो, आणि आधीचा पत्ता तोवर भलत्याच माणसाच्या कामी येत असतो. म्हणजे एका माणसाचे अनेक पत्ते आणि एका पत्त्याची अनेक माणसे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. पहिले दोन आकडे जुळणारा पट्टा म्हणजे ६५,५३६ पत्ते, आणि त्यांतल्या प्रत्येकामागे किती घरे असतील याचा बाहेरून अंदाज लागत नाही.

नव्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही ६ चे गणित निराळे आहे. तुमच्या सर्व्हरच्या नोंदवहीत (लॉगमध्ये) अपूर्णविरामांनी तोडलेले लांबलचक पत्ते दिसत असतील, तर त्यांचे आठ गट असतात. मोबाइलवर पहिले चार गट साधारणपणे एका जोडणीला मिळतात आणि उरलेले चार गट फोन स्वतःच, खासगीपणा जपण्यासाठी, अधूनमधून बदलत राहतो. तेव्हा संपूर्ण पत्ता बंद करणे जवळजवळ निरुपयोगी असते. पहिले चार गट तेवढे बंद करावेत. याला आम्ही ‘/६४ ची बंदी’ म्हणतो. तिचा फटका बहुधा एकाच फोनला किंवा एकाच घराला बसतो, शेजारच्या शाळेला बसत नाही. डेटा बंद-चालू केल्यावर मोबाइलवर हे चार गटही बदलतात, पण घरच्या फायबर जोडणीवर ते पुष्कळदा बरेच दिवस टिकतात.

आणखी एक गोष्ट तपासा. वाचक आणि तुमचे संकेतस्थळ यांच्यामध्ये रहदारी पुढे पाठवणारी एखादी मध्यस्थ सेवा असेल, तर नोंदवहीत वाचकाऐवजी त्या मध्यस्थाचाच पत्ता उतरत असण्याची शक्यता आहे. मूळ पत्ता मध्यस्थ वेगळ्या ओळीत पाठवतो, पण ती ओळ कोणालाही खोटी लिहिता येते, म्हणून ओळखीच्या मध्यस्थाकडून आली असेल तरच तिच्यावर विश्वास ठेवावा.

पानगळ यांचे उत्तर

मी बरीच वर्षे विकिपीडियावर लिहितो. खाते नसलेल्यालाही लिहू द्यायचे आणि उत्पात तर थांबवायचा, ही तुमची अडचण तिथे पहिल्यापासून आहे.

२००६ संपून २००७ उजाडत असताना इंग्रजी विकिपीडियाच्या एका प्रचालकाने (देखरेख करणाऱ्या सदस्याने) उत्पात करणारा एक अंकपत्ता, म्हणजे आयपी पत्ता, बंद केला. कतार देशातली जवळपास सगळी रहदारी त्या एकाच पत्त्यावरून बाहेर पडत होती, त्यामुळे अवघ्या देशाला खाते न उघडता संपादन करणे अशक्य झाले. बंदी काही तासांत उठवली गेली, पण ‘विकिपीडियाने कतारवर बंदी घातली’ अशा बातम्या तोवर पसरल्या होत्या. त्या काळात अमेरिकेतल्या एओएल या कंपनीच्या ग्राहकांचा पत्ता तर पान उघडता उघडता बदलत असे, आणि एकाच्या बंदीत भलताच सापडे. तुमच्या नववीच्या मुलांचे झाले ते नेमके हेच.

या अनुभवांतून तिथे जे रुळले, त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे सौम्य बंदी. पट्टा बंद करायचा, पण केवळ खात्याशिवाय येणाऱ्यांसाठी. ज्यांचे खाते आहे त्यांना त्याच पट्ट्यातून काम करता येते. तुम्ही खाते सक्तीचे करू नका, पण त्या शिक्षिकांना एक खाते देऊन ठेवा. मुले त्यांच्या खात्यातून शब्द भरतील आणि पुढे पट्टा बंद करावा लागला तरी त्यांना अडथळा येणार नाही. भाड्याच्या सर्व्हरांचे आणि खुल्या प्रॉक्सींचे (कोणालाही आपला खरा पत्ता लपवू देणाऱ्या मध्यस्थांचे) पत्ते मात्र तिथे दीर्घ काळासाठी बंद ठेवतात, कारण सामान्य वाचक तिथून क्वचितच येतो.

आपोआप लागणाऱ्या मर्यादाही भल्या माणसांना कशा अडवतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. विकिपीडियावर एका पत्त्यावरून दिवसाला सहाच खाती उघडता येतात. मराठी भाषा गौरव दिनाच्या एका कार्यशाळेत, महाविद्यालयाच्या संगणक कक्षात तीस विद्यार्थी बसले होते आणि सातव्या मुलीच्या पडद्यावर नकार उमटला. तिने रकाने कोरे करून पुन्हा प्रयत्न केला, मग शेजारच्या संगणकावर जाऊन केला. शेवटी आम्ही प्रत्येकाला आपापल्या फोनच्या डेटावरून खाते उघडायला सांगितले. मर्यादा शिथिल करण्याची विनंती आधी करता येते, ती आम्ही केली नव्हती.

अलीकडे, २०२४ पासून, वेगवेगळ्या भाषांच्या विकिपीडियांवर खाते नसलेल्या लेखकाला ब्राउझरमधल्या कुकीच्या (संकेतस्थळाने ठेवलेल्या छोट्या नोंदीच्या) आधारे तात्पुरते खाते मिळू लागले आहे, जे ९० दिवस चालते. लोकांना त्याचा अंकपत्ता दिसत नाही आणि पत्ता बदलला तरी खाते तेच राहते. कुकी पुसता येते हे खरे, पण कंटाळा आलेल्या उपद्रवी माणसाला तेवढा त्रासही पुष्कळदा पुरतो.

खिळेमोळे यांचे उत्तर

उपकरणाच्या खुणांवरून, म्हणजे पडद्याचा आकार, फाँट, ब्राउझरची आवृत्ती यांवरून माणूस ओळखावा असे कोणी सुचवेल. २०१० मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने तपासलेल्या ब्राउझरांपैकी ८३.६ टक्के एकमेवाद्वितीय निघाले होते, पण तेव्हाचे बहुतेक ब्राउझर संगणकांवरचे होते. एकाच बनावटीच्या स्वस्त फोनच्या खुणा एकमेकांशी खूप जुळतात, त्यामुळे तुमच्याकडे निरपराध माणूस पुन्हा अडकेल. शिवाय आजींच्या नातवाच्या फोनची इतकी बारीक माहिती साठवणे मला योग्य वाटत नाही.

मजकुरात कधी धमकी आली आणि पोलिसांकडे जायची वेळ आली, तर नुसता पत्ता पुरणार नाही. पत्ता अनेकांत वाटलेला असल्याने वेळ सेकंदापर्यंत आणि सोबत पोर्ट क्रमांक (एकाच पत्त्यामागच्या जोडण्या वेगळ्या ओळखू देणारा क्रमांक) नोंदलेला असेल, तरच पुरवठादाराला ग्राहक शोधता येतो. सर्व्हरच्या नोंदवहीत पोर्ट सहसा आपोआप येत नाही. तो आजच चालू करून ठेवा.

बोलीसंग्रह

सर्वांचे मनापासून आभार. नोंदवही पुन्हा पाहिली. आधीचे नऊ पत्ते जुन्या पद्धतीचे होते, पण गेल्या आठवड्यातल्या बहुतेक भेटी आयपीव्ही ६ वरून झाल्या आहेत आणि सलग चार रात्री पहिले चार गट तेच आहेत. तेवढेच बंद केले. याशिवाय, खाते नसलेल्या वाचकाला नवा शब्द पाठवता येईल पण छापलेली नोंद बदलता येणार नाही, आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत आलेला मजकूर आमच्यापैकी एकाने वाचल्याशिवाय दिसणार नाही, असे ठरवले. शिक्षिकांना खाते दिले. काल मुलांचे एकवीस शब्द आले, त्यांत ‘मांगर’ आणि ‘गडगो’ यांची वाक्ये फारच सुंदर आहेत. आजींचे वाक्य जुन्या प्रतीवरून पुन्हा लावले.

एकच शंका उरली: ही चार गटांची बंदी किती दिवस ठेवावी?

रात्रपाळी

आठवडाभर ठेवा आणि आपोआप उठेल अशी मुदत घाला. तो पुन्हा त्याच जोडणीवरून आला तर महिनाभराची करा. मुदत न घातलेली बंदी विसरली जाते, आणि ते चार गट उद्या दुसऱ्या कोणाच्या घरी गेले तर त्याला कारण कळणार नाही. बंदीच्या संदेशात तुमचा ईमेल पत्ताही द्या, म्हणजे चुकून अडकलेल्या माणसाला शिक्षिकांसारखा फोन क्रमांक शोधत बसावे लागणार नाही.