केंटकीतल्या तंबाखूवाल्यांचे सरकारी पैसे: काउंटीची यादी कशी वाचायची?

आकडेवेडा
अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या उत्तर भागातल्या एका काउंटीची (जिल्ह्यासारखा विभाग) सरकारी अनुदानाची यादी बघतोय. तिथे बर्ली हा सिगारेटसाठीचा तंबाखू पिकतो. २००५ ते २०१४ दरवर्षी ठरावीक रकमा दिसतात, पुढे काहीच नाही. घेणाऱ्यांत शेती न करणारे लोक आहेत, मधूनच बँकाही येतात. नोंदीच चुकल्यात का?

बर्लीवाले
नोंदी ठीक असाव्यात. हे पिकाचं अनुदान नाही, कोट्याची भरपाई आहे. कोटा म्हणजे एका शेतातून किती तंबाखू विकता येईल याची सरकारने ठरवलेली मर्यादा. १९३८ च्या शेती कायद्यापासून चालत आलेली कोटापद्धत २००४ च्या पिकाबरोबर संपवली (ती संपवणाऱ्या कायद्यावर सही २२ ऑक्टोबर २००४ ची). कोटा सात-बाऱ्यावरच्या हक्कासारखा जमिनीला चिकटलेला असे. त्यामुळे विधवा, शहरात गेलेले वारस असे अनेक जण कोट्याचे मालक होते आणि तो भाड्याने देऊन पिकवणारा दुसराच असे.

मालकाला २००२ च्या मूळ कोट्यावर पौंडाला ७ डॉलर. पिकवणाऱ्याला ३ डॉलर, म्हणजे २००२, २००३, २००४ यांपैकी ज्या हंगामात पिकवलं त्या प्रत्येकाचा १ डॉलर. हे सगळं दहा समान हप्त्यांत, बिनव्याजी.

हप्तेबाज
हिशोब इथेच चुकतो, लोक ७ डॉलर दरवर्षी धरतात. कोटा ४,००० पौंड असेल तर मालकाचे एकूण २८,००० डॉलर, वर्षाला २,८००. कुळाने तिन्ही हंगाम पिकवला असेल तर त्याचे १२,०००, वर्षाला १,२००. मालकच पिकवत असेल तर दोन्ही मिळून वर्षाला ४,०००. कुळाचा हिशोब मात्र मूळ कोट्यावर नव्हता. न विकलेला कोटा पुढच्या वर्षी ओढता येई, तो धरून होणाऱ्या प्रत्यक्ष कोट्यावर होता. त्यामुळे एकाच शेताचे दोन आकडे ७:३ मध्ये बसले नाहीत तर लगेच घोटाळा समजू नका.

आकडेवेडा
आणि बँका?

बर्लीवाले
दहा वर्षं थांबायचं नसलं तर उरलेले हप्ते बँकेला किंवा वित्तसंस्थेला विकता येत. एकरकमी पैसे हातात येत, पण वटाव कापून. पुढचे सरकारी हप्ते मग थेट त्या संस्थेच्या नावावर जात. म्हणून एखाद्या शेतकऱ्याचं नाव मध्येच गायब झालं तरी तो पैशाला मुकला असं नाही.

काउंटीची बेरीज करताना आधी बघा की यादी घेणाऱ्याच्या पत्त्यावरून लावली आहे की शेताची नोंद असलेल्या काउंटी कार्यालयावरून. पत्त्यावरून असेल तर बाहेरगावचे वारस आणि बँका गळतात, आणि काउंटीला मिळालं त्यापेक्षा कमी दिसतं. मधल्या काळात हप्ते विकले गेले असतील तर २००८ आणि २०१२ ची तुलना यात हमखास फसते.

करकारकून
दोन गोष्टी राहिल्या. करात मालकाचे ७ डॉलर म्हणजे कोटा विकल्याची रक्कम. पिकवणाऱ्याचे ३ डॉलर म्हणजे शेतीचं साधं उत्पन्न. दोन्ही एका रकान्यात टाकणं चूकच. आणि पैसा कुणाचा म्हणाल, तर सिगारेट आणि इतर तंबाखू उत्पादनांच्या उत्पादक-आयातदारांकडून बाजारातल्या वाट्यानुसार दर तिमाहीला वसूल केलेला. वाटप शेती खात्याकडून. त्यामुळे यादीत ‘अनुदान’ लिहिलेलं असलं तरी मका-सोयाबीनच्या रकमांच्या बेरजेत हे मिसळू नका, वेगळा रकाना करा.

आकडेवेडा
म्हणजे शेत-क्रमांकाने (सरकारी नोंदीतला शेताचा क्रमांक) गट करून पुन्हा बसवतो. नावाने जुळवणं सोडलं.

हप्तेबाज
बरोबर. फक्त शेत-क्रमांक मध्येच बदललेले असू शकतात. जमिनीची वाटणी किंवा एकत्रीकरण झालं की नवा क्रमांक पडतो.